सुहैली, म्हादेई, तारिणी... कुठली होडी पाहून तुम्हाला शिडाची ओढ लागली?

सागरिका_अलिबाग

पावसाळा सरला, मांडव्याच्या लाँच पुन्हा सुरू झाल्या की गेटवेसमोर पांढरी शिडं दिसायला लागतात. गेल्या आठवड्यात मुलगी बरोबर होती, अकरा वर्षांची आहे. तिने विचारलं, "आई, तुला हे वेड कधी लागलं?" सांगता सांगता इतकं आठवत गेलं, की म्हटलं धागाच काढावा.

मी अलिबागची. समुद्र अंगणात, पण शिडाची दोरी हातात धरली ती एक्केचाळिसाव्या वर्षी. काही वर्षांपूर्वी बेतीच्या फेरीबोटीतून पणजीला जाताना मांडवीत नौदलाची शिडाची होडी 'म्हादेई' उभी दिसली. नाव ऐकून होते, पण डोळ्यांसमोर काहीतरी मोठं जहाज होतं. प्रत्यक्षात लांबी ५६ फूट. आमच्या आळीतल्या घराच्या पुढच्या पडवीपासून मागच्या न्हाणीपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच. एवढ्याशा होडीतून कमांडर दिलीप दोंदे एकटे पृथ्वीला फेरी मारून आले होते. १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून निघाले, फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ले आणि केपटाउन असे चार मुक्काम केले आणि मे २०१० मध्ये परत मुंबईत. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. मग १ नोव्हेंबर २०१२ ला अभिलाष टॉमी त्याच होडीतून निघाले आणि कुठेही न थांबता १५० दिवसांनी परतले.

हे वर्तमानपत्रात वाचलं होतं तेव्हा "वा, शाब्बास" म्हणून पान उलटलं होतं. होडी पाहिली तेव्हा पान उलटता आलं नाही. तिच्या कठड्याला हात लावून उभं राहता येईल एवढीच ती होती. तिथून माझी सुरुवात झाली.

म्हादेई गोव्यातच बांधलेली, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात. एवढी मोठी शिडाची होडी त्यांनी तोवर बांधली नव्हती. आणि या सगळ्याची कल्पना ज्यांची, ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत होते. समुद्रापासून किती लांब! तिथे बसून त्यांनी नौदलाच्या मागे हा ध्यास लावला. २०१८ साली ते गेले, पण त्याआधी दोन्ही प्रदक्षिणा पुऱ्या झालेल्या पाहून गेले.

तर प्रश्न असा. तुम्हाला कुठल्या होडीने ओढून नेलं? प्रत्यक्ष पाहिलेली असो, फोटोतली असो. सविस्तर लिहा.

शलाका_के

वाचतेय. दोरीसुद्धा धरलेली नाही कधी, पण हा धागा सोडणार नाही.

थेम्सकाठी

सागरिकाताई, कठड्याला हात लावण्याचं अगदी पटलं.

मी २००१ साली नोकरीसाठी लंडनला आलो. पहिल्याच हिवाळ्यात एका रविवारी ग्रिनिचला गेलो. कटी सार्क हे चहाचं मोठं जहाज बघायचं होतं. त्याच्या शेजारी कोरड्या गोदीत एक छोटी होडी उभी होती, 'जिप्सी मॉथ ४'. फ्रान्सिस चिचेस्टर २७ ऑगस्ट १९६६ ला तिच्यातून प्लिमथहून एकटे निघाले आणि वाटेत फक्त सिडनीला थांबून २८ मे १९६७ ला परत आले. समुद्रावरचे दिवस २२६. वय ६५! त्याच ग्रिनिचमध्ये राणीने त्यांना सर ही पदवी दिली, तीही जुना दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक याच्या तलवारीने. गंमत अशी की चिचेस्टरना स्वतःला ही होडी मुळीच आवडली नव्हती. फार कलते, सुकाणूला दाद देत नाही, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. तरी तिनेच त्यांना घरी आणलं.

मी तेव्हा सव्वीसचा, घरापासून लांब, रविवारी काय करावं ते न कळणारा. त्या होडीपाशी अर्धा तास उभा होतो. पुढच्या उन्हाळ्यात दक्षिण किनाऱ्यावर एका आठवड्याचा वर्ग लावला, आणि तेव्हापासून एकही उन्हाळा सुकाणूशिवाय गेलेला नाही.

तिची एक खंत मात्र राहिली. गोदीत उभी राहून राहून तिचं लाकूड खराब झालं होतं. २००५ साली दुरुस्त करून तिला पुन्हा पाण्यात सोडलं, ती बातमी वाचून मला घरचं माणूस इस्पितळातून सुटून आल्यासारखं झालं.

आणि आता खास आपल्यासाठी. चिचेस्टरची ही फेरी पाहून व्यापारी जहाजांवरच्या एका तरुण अधिकाऱ्याने हिशेब मांडला: एक मुक्काम करून झालं, आता उरलं ते एकही मुक्काम न करणं. त्याची होडी कुठे बांधलेली होती माहीत आहे? मुंबईत!

मेधा_पुणे

@थेम्सकाठी, सुहैली! मी त्याचीच वाट बघत होते. लिहा ना पुढचं, नाहीतर मी लिहिते.

थेम्सकाठी

लिहितो, रात्र झाली होती इकडे.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता. सुहैलीचा आराखडा विल्यम अ‍ॅटकिन यांचा, त्याच्या मुळाशी नॉर्वेच्या कॉलिन आर्चरच्या दणकट बचावनौका. लांबी ३२ फूट, दोन डोलकाठ्या, सगळं सागवान. डिसेंबर १९६४ मध्ये मुंबईच्या पाण्यात उतरली, नारळ फोडून. आपल्या सुतारांनी लाकूड तासायचा वाकस आणि दोरीने फिरवायचा सामता असल्या हत्यारांनी ती घडवली. मग रॉबिन, त्याचा भाऊ आणि एक मित्र असे तिघे तिला दक्षिण आफ्रिकेवरून इंग्लंडला घेऊन गेले.

१४ जून १९६८ ला तो फॅल्मथहून एकटा निघाला. काही आठवड्यांतच अटलांटिकमध्ये होडीच्या तळाकडची फट गळायला लागली. भर समुद्रात पाण्याखाली बुडी मारून त्याने फटीत कापूस ठासला, वरून डांबर लावलेली किंतानाची पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी ठोकली आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा बसवला. मध्येच एक शार्क येऊन घिरट्या घालायला लागला, तर वर येऊन बंदूक काढावी लागली. पुढे पिण्याच्या पाण्याच्या टाक्या दूषित झाल्या, रेडिओ गेला, होडी आपोआप दिशेवर ठेवणारं यंत्र ऑस्ट्रेलियाजवळ मोडलं. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर नोव्हेंबरात लोकांनी त्याला पाहिलं, त्यानंतर थेट एप्रिलपर्यंत जगाला त्याचा पत्ता नव्हता. २२ एप्रिल १९६९ ला तो फॅल्मथला परतला. ३१२ दिवस. कस्टमचे लोक होडीवर चढले आणि नेहमीचा प्रश्न विचारला, कुठून आलात? उत्तर होतं, फॅल्मथहून.

ती न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करायची शर्यत होती, नऊजण निघाले होते. पोहोचली फक्त सुहैली. माझ्या मनात येतं, सागाच्या त्या फळ्या कुणी तासल्या, त्यांची नावं कुठे कोरलेली असती तर!

मुरुडचा_नाखवा

धाग्यावर पहिल्यांदाच लिहितोय.

माझे आजोबा शिडाच्या गलबतावर तांडेल होते. मंगळुरी कौलं आणि मीठ घेऊन मुंबईला यायचे. इंजिन आलं आणि शिडं गेली, माझ्या वडिलांनी तरुणपणी उतरवून ठेवलेलं शीड मी पडवीत धान्य वाळवायला पसरलेलं पाहिलंय. मला राग यायचा या यॉट वगैरे शब्दांचा. वाटायचं, आमचं होतं ते पोटासाठी, यांचं आहे ते हौसेसाठी.

वर सागाचं आणि वाकसाचं वाचलं आणि छाती भरून आली. ते काम मी ओळखतो. फळीला फळी भिडवून फटीत कापूस ठासणं आजही आमच्या बंदरावर दोन-तीन म्हातारे करतात. मुंबईच्या सुतारांच्या हातची होडी जगाला न थांबता वळसा घालून आली, हे आमच्या शाळेत एकदाही कुणी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं.

एक विचारतो. सुहैली हा शब्द आमच्याकडे ऐकलेला वाटतो. अर्थ काय?

मेधा_पुणे

नाखवादादा, आखातातले अरब खलाशी आग्नेयेकडून येणाऱ्या वाऱ्याला सुहैली म्हणतात. आणि सुहैल हे एका ताऱ्याचं अरबी नाव आहे. तो तारा म्हणजे आपला अगस्ती! ज्याने समुद्र पिऊन टाकला तो. अगस्तीचा उदय झाला की पाणी निवळतं असं आपल्याकडे म्हणतात, म्हणजे पावसाळा संपून होड्या बाहेर काढायची वेळ.

हिवाळ्यात रात्री दक्षिणेला बघा, क्षितिजापासून फार वर नसतो, पण व्याधाखालोखाल तोच तेजस्वी.

मुरुडचा_नाखवा

अगस्ती तर रोजचा! आजोबा बोट करून दाखवायचे.

अनिरुद्ध_पर्थ

माझी होडी वेगळ्या जातीची आहे, शर्यतीची. 'ऑस्ट्रेलिया २'. इथे फ्रीमँटलच्या सागरी संग्रहालयात ती अख्खी ठेवलीय, तिचा तळही बघता येतो.

१८५१ मध्ये 'अमेरिका' नावाच्या स्कूनर जातीच्या शिडाच्या होडीने इंग्लंडमध्ये आइल ऑफ वाइटभोवतीची शर्यत जिंकून एक चषक नेला. पुढे १३२ वर्षं तो न्यूयॉर्कच्या क्लबाकडून कुणालाही घेता आला नाही. सप्टेंबर १९८३ मध्ये ऑस्ट्रेलिया २ ने तो घेतला. सात शर्यतींत ३-१ ने मागे पडून ४-३ ने जिंकली, कप्तान जॉन बर्ट्रंड. तिचं गुपित होतं तळाला. पाण्याखालच्या कण्याला, म्हणजे कीलला, बेन लेक्सनने दोन पंख लावले होते. शर्यती संपेपर्यंत तो भाग कापडाने झाकून ठेवायचे. इथले साठीचे लोक अजून सांगतात की त्या पहाटे अख्खा देश जागा होता, आणि त्यानंतर त्यांच्यातल्या कितीजणांनी पोरांना घेऊन स्वान नदीवर होड्या काढल्या.

मी मात्र दुसऱ्या होडीमुळे शिकलो. २०१७ च्या ऑक्टोबरात पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेली नौदलाची 'तारिणी' फ्रीमँटलला आली. वर्तिका जोशी, प्रतिभा जामवाल, स्वाती पी., ऐश्वर्या बोड्डपाटी, विजया देवी, पायल गुप्ता, सहाही नौदलाच्या अधिकारी. आम्ही काही मराठी कुटुंबं डबे घेऊन धक्क्यावर गेलो होतो. साधं वरण-भात-लिंबू. एवढे दिवस समुद्रावर काढून आलेल्या त्या मुली किती शांत होत्या. माझ्या बायकोने तिथल्या तिथे ठरवलं, आपण शिकायचं. आज आमच्या घरात सुकाणू तिच्याकडे असतं आणि शिडाच्या दोऱ्या माझ्याकडे. तसंच बरं चालतं.

तारिणी २५४ दिवसांनी मे २०१८ ला गोव्यात परतली. त्याच होडीतून दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच २ ऑक्टोबर २०२४ ला निघून २९ मे २०२५ ला पोहोचल्या. २३८ दिवस. त्यांना तयार करणारे अभिलाष टॉमी.

सागरिका_अलिबाग

अनिरुद्ध, वरण-भात-लिंबू वाचून डोळे भरले.

आणि साखळी बघा कशी जुळते. चिचेस्टरमुळे नॉक्स-जॉन्स्टन निघाले, मुंबईच्या सुहैलीतून. दोंदे प्रदक्षिणेआधी इंग्लंडला जाऊन शिकले ते त्याच नॉक्स-जॉन्स्टन यांच्या होडीवर काम करत. दोंद्यांच्या पाठोपाठ टॉमी, टॉमींच्या हाताखाली दिलना आणि रूपा. मुंबईहून निघालेलं ते शिक्षण चाळीस वर्षांनी मुंबईला परत आलं. मला हे माहीत नव्हतं तेव्हाही म्हादेई आवडायची, पण आता तिच्याकडे पाहताना मागे सुहैली दिसते.

निखिल_खडकवासला

सैन्याच्या 'तृष्णा'ला विसरू नका. तीही मुंबईहूनच निघाली होती. १९८५ ते १९८७, सैन्याच्या अभियंत्यांची तुकडी, ३७ फुटांची होडी. भारतीयांची शिडाच्या होडीतून पहिली पृथ्वीप्रदक्षिणा ती. एकट्याची नव्हे, पण पहिली.

मेधा_पुणे

थोडं कडू लिहिते, पण लिहायला हवं.

नॉक्स-जॉन्स्टनच्या त्याच शर्यतीत डोनाल्ड क्रोहर्स्ट होता. समुद्राचा पुरेसा अनुभव नाही, होडी अर्धवट तयार, घर गहाण. तोही चिचेस्टरच्याच स्वागताने भारलेला होता. दक्षिणेच्या समुद्रात जाण्याची हिंमत झाली नाही, म्हणून अटलांटिकमध्येच फिरत राहून खोटे ठावठिकाणे कळवत राहिला. नायजेल टेटलीला वाटलं हा मागून जोरात येतोय, म्हणून त्याने स्वतःची होडी ताणली आणि ती घराच्या वाटेवर बुडाली. टेटली वाचला. क्रोहर्स्टची होडी जुलै १९६९ मध्ये रिकामी सापडली. नॉक्स-जॉन्स्टनने ५,००० पौंडांचं बक्षीस त्याच्या बायको-मुलांना दिलं. त्या माणसाबद्दल माझा आदर सुहैलीपेक्षा या गोष्टीने जास्त वाढला.

फ्रेंच बर्नार मोइतेसिए वेगळाच. त्याची लोखंडी 'जोशुआ' जिंकू शकेल इतकी पुढे होती. पण तो घराकडे वळलाच नाही, तसाच पुढे जात ताहितीला पोहोचला. होडीला जोशुआ नाव दिलं ते जोशुआ स्लोकमवरून, ज्याने १८९५ ते १८९८ मध्ये 'स्प्रे'तून सगळ्यांत आधी एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली.

सांगायचंय ते असं, की होडी पाहून वेड लागणं वेगळं आणि त्या वेडावर स्वार होऊन तयारीशिवाय निघणं वेगळं. माझा एक मावसभाऊ दोन दिवस शिकून कोकणात एकटाच भाड्याची होडी घेऊन गेला, आणि ओहोटीत अडकून रात्रभर खडकापाशी बसला. सुखरूप आला. मावशी अजून त्याबद्दल बोलत नाही. दोंदे तीन वर्षं तयारी करत होते, हे मुलांना नक्की सांगा.

मुरुडचा_नाखवा

ताई शंभर टक्के बरोबर. आमच्यात म्हातारी माणसं आधी वर्षभर पोराला नुसतं पाणी उपसायला बसवायची. वारा ओळखायला शिकला की मग दोरी.

थेम्सकाठी

मेधाताईंच्या मुद्द्याला धरूनच. २०१८ मध्ये जुन्या शर्यतीच्या पन्नासाव्या वर्षी ती पुन्हा भरवली, जुन्याच पद्धतीने: १९८८ पूर्वीचे आराखडे, जीपीएस नाही, कागदी नकाशे आणि सेक्स्टंट, म्हणजे सूर्य-तारे पाहून ठावठिकाणा काढायचं उपकरण. टॉमी ज्या 'थुरिया'तून गेले ती सुहैलीचीच प्रतिकृती, दांडेकरांच्याच यार्डात बांधलेली. सप्टेंबरात दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर इजा झाली. आयर्लंडच्या ग्रेगर मॅकगकिनची डोलकाठीही त्याच वादळात गेली होती, तरी त्याने जुजबी शीड उभारून टॉमींच्या दिशेने होडी वळवली. शेवटी फ्रेंच जहाजाने टॉमींना उचललं.

आणि तो माणूस २०२२ मध्ये पुन्हा त्याच शर्यतीला उभा राहिला! 'बायानात'मधून, २३६ दिवसांत, दुसरा क्रमांक. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर, 'मिनेहाहा' घेऊन. मी एप्रिल २०२३ मध्ये रात्रभर जागून नकाशावरचे ते दोन ठिपके बघत होतो.

जाता जाता सुहैलीबद्दल. तीही काही वर्षं ग्रिनिचच्या संग्रहालयात होती. बंदिस्त कोरड्या हवेत तिच्या फळ्या आकसायला लागल्या, म्हणून नॉक्स-जॉन्स्टनने २००२ मध्ये तिला बाहेर काढलं आणि स्वतः दुरुस्त केलं. लाकडी होडीला पाणीच लागतं.

शलाका_के

इतके दिवस नुसती वाचत होते, आता विचारते. मी बेचाळीसची, नाशिकला राहते, पोहता येतं. वारा समोरून असेल तर शिडाची होडी पुढे कशी जाते हे मला अजून कळलेलं नाही. आणि शिकायला खर्च फार येतो का? सगळीकडे श्रीमंतांचे फोटो दिसतात.

निखिल_खडकवासला

शलाकाताई, सरळ वाऱ्याच्या तोंडात कुठलीच होडी जात नाही. वाऱ्याशी साधारण ४५ अंशांचा कोन धरून तिरकं जायचं, मग तोंड फिरवून दुसऱ्या बाजूने तिरकं. घाटातली नागमोडी वाट आठवा. शीड फुगलं की त्याचा आकार विमानाच्या पंखासारखा होतो आणि ते होडीला ओढतं. ती आडवी सरकू पाहते, पण पाण्याखालची पाती तिला सरकू देत नाही, म्हणून जोर पुढे लागतो. ओल्या साबणाची वडी दोन बोटांत दाबली की ती समोर निसटते, तसंच. एकदा सुकाणू हातात आलं की हे अंगाला कळतं.

खर्चाचं म्हणाल तर होडी विकत घ्यायचीच नाही. मी शिकलो ते क्लबाच्या जुन्या डिंगीवर, म्हणजे छोट्या शिडाच्या होडीवर. मुंबईत कुलाब्याकडे, गोव्यात दोना पावलाला वर्ग होतात. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. चौकशीला जाल तेव्हा आधी दोन गोष्टी बघा: जीवरक्षक जाकीट अंगाला नीट बसतं का, आणि बरोबर सुरक्षेची मोटारबोट असते का. नसेल तर परत फिरा. मुलांसाठी ऑप्टिमिस्ट असते, जेमतेम २.३ मीटर लांब, एकच शीड. जगातले कितीतरी मोठे शर्यतवीर तिच्यातूनच वर आलेत.

आणि श्रीमंतीचं उत्तर स्लोकमकडे आहे. त्याला कुणीतरी एक मोडकी होडी फुकट दिली, शेतात ताडपत्रीखाली पडलेली. तेरा महिने स्वतःच्या हाताने बांधली, खर्च ५५३ डॉलर ६२ सेंट. त्या काळी ते पैसे थोडे नव्हते, पण गडगंजाचे नक्कीच नव्हते. तीच स्प्रे.

शलाका_के

साबणाची वडी! कळलं. डिसेंबरात सुट्टी टाकतेय, गोव्यात नाव नोंदवलंय.

सागरिका_अलिबाग

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मुलीला मोठ्याने वाचून दाखवला, क्रोहर्स्टसकट. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, मला शिकायचंय, पण आधी पाणी उपसायला बसेन. नाखवादादा, हे तुमच्यामुळे.

काल तिचा पहिला वर्ग झाला. ऑप्टिमिस्टमध्ये बसवलं, दोनदा उलटली, दोन्ही वेळा स्वतः सरळ केली. परत आल्यावर प्रशिक्षकांना विचारलं, हिचं नाव काय? ते म्हणाले, नाव नाही गं, सात नंबर. ओल्या बोटाने तिने फळीवर काहीतरी लिहिलं. मी जवळ जाईपर्यंत उन्हाने अर्धं वाळलं होतं, पण 'अग' एवढं दिसत होतं.

पुढचा वर्ग रविवारी सकाळी साडेसातला. नाखवादादा, त्या दिवशी भरती किती वाजता आहे, सांगाल का?

मुरुडचा_नाखवा

तिथी बघून सांगतो. पोरीला म्हणावं सकाळी मतलई वारा असतो, किनाऱ्याकडून समुद्राकडे. जायला सोपं, यायला जड. परतायची वेळ आधी ठरवून निघा.